काळी पाच

माझा गळा काळी चारचा आहे. हे वाक्य मी आत्ता सहज लिहिलं, पण रायपूरच्या लग्नांत माझी गाणी वाजायची त्या काळात कोणी मला उलटं टांगून विचारलं असतं तरी मी ते कबूल केलं नसतं.

पेटी न पाहिलेल्यांसाठी सांगते. गाणाऱ्याचा ‘सा’ पेटीच्या ज्या पट्टीवर आरामात बसतो ती त्याची पट्टी. पट्ट्या काळ्या आणि पांढऱ्या, त्यांना डावीकडून नंबर. काळी चारच्या वर काळी पाच. दिसायला अंतर बोटभर. पण चारच्या गळ्याच्या बाईनं पाचवर गायचं म्हणजे एक नंबर लहान चप्पल घालून रोज बाजार करायचा. एक दिवस चालतं, दुसऱ्या दिवशीही चालतं. चालतं म्हणून आपण चालत राहतो.

माझे वडील रेल्वेत होते, मूळचे भंडाऱ्याकडचे. विहारात रविवारची वंदना झाली की ते मला पुढं उभं करायचे आणि म्हणायचे, "गाय." तिथं पट्टी विचारायला पेटीच नव्हती. आवाज जिथून निघाला तिथून गाणं सुरू व्हायचं आणि सगळे त्या आवाजामागं यायचे. गाण्यातलं तेवढं सुख मला पुन्हा कधी मिळालं नाही. लग्न होऊन मी रायपूरच्या कारखान्यांच्या भागात, उरल्याला आले. नवरा जवळच्या सिलतऱ्याला लोखंडाच्या प्लांटमध्ये शिफ्टवर. वाळलेल्या साड्या झटकल्या की काळी भुकटी उडायची, तिथंच गच्चीवर पदर नाकाला लावून मी रियाज करायची. शेजारीण खालून विचारायची, "काहून ओरडून राहिली वो?" पुढं माझं पहिलं छत्तीसगढी गाणं मोबाईलवर आलं तेव्हा हीच बाई साऱ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सांगत फिरली की गाणारी आमच्या बाजूची आहे.

त्या गाण्यांना आमच्याकडे अल्बमची गाणी म्हणतात. अल्बम आता कुठं नसतो, कॅसेट गेली, सीडी गेली, पण नाव राहिलं. प्रेमाची गाणी, नाचायची गाणी, नवरात्रात देवीची, एप्रिलमध्ये जयंतीची. सगळी एकाच स्टुडिओत बनायची, शंकर नगरात एका मिठाईच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. भिंतींना फोम लावलेला, आणि खालून तुपाचा वास यायचा. चाल लावणारा, वाद्यं भरणारा, आवाज घेणारा आणि शेवटी गाणं मोबाईलवर सोडणारा माणूस एकच. वयानं माझ्याहून लहान, पण ज्याच्या हातात काम असतं तो भैया. गोड बोलायचे. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याशी एकदाही आवाज चढवला नाही. आवाज चढवायचं काम आमच्याकडे होतं.

मग ती आली. तिचीही घरची भाषा आमच्यासारखीच मराठी, माहेर गोंदियाकडचं, बाप रेल्वेतलाच. नवरात्रात देवीची जसगीतं गायची, तिथून भैयांनी तिला उचललं. दिसायला माझ्यापेक्षा उजवी, हे मी मान्य करते. केस तर विचारूच नका. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असावी. तिचं पहिलं गाणं आलं त्या आठवड्यात मी स्टुडिओत गेले तर भैया हेडफोन पुसता पुसता म्हणाले, "दीदी, वो काली पाँच में गाती है। धुमालवालों को वही चाहिए। आपका ट्रॅक भी उसी में बना दूँ?"

धुमाल म्हणजे आमच्याकडची मिरवणुकीतली ढोलताशांची पार्टी, गाडीवर भोंगे बांधलेले. त्या गदारोळात बाईचा आवाज ऐकू यायचा तर तो वरचाच पाहिजे, हे खरं होतं. भैयांची गोष्ट नेहमी थोडी खरी असायची. मी म्हटलं, "हव, बना दो।" नाही म्हटलं असतं तर ती माझ्यापेक्षा वर आहे हे मी माझ्या तोंडानं सांगितल्यासारखं झालं असतं. आणि मला काय माहीत, मला वाटलं थोडा रियाज वाढवू.

त्या स्टुडिओची एक रीत होती. गाणं एक, पण आवाज दोघींचा घ्यायचा. मला सोमवारी बोलावलं तर तिला गुरुवारी. मग भैया बसून ठरवणार कुणाचा ठेवायचा. आम्हाला सांगायचे, "सेफ्टी के लिए है, दीदी।" कुणाचा ठेवला हे आम्हाला सगळ्या जगाबरोबरच कळायचं, मोबाईलवर गाणं आल्यावर. गाणं यायच्या दिवशी मी कुकरची शिट्टी मोजत नसे. भात लागायचा, नवरा मुकाट्यानं खायचा. पहिली ओळ सुरू व्हायच्या आत, नुसत्या श्वासावरून मला कळायचं की मी आहे की ती. ती असली की मी ते गाणं शेवटपर्यंत ऐकायची, कुठं घसरली ते शोधत. खालचे अभिप्राय वाचायची. कोणीतरी लिहिलेलं असायचं की पहिलेवाली दीदी जास्त चांगली होती. त्या एका वाक्यावर मी आठवडा काढायची.

ती पण हेच करत असणार. आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. समोर आलो तर हसायचो, ते हसणं असं की बघणाऱ्यालाच घाम फुटावा.

जयंतीच्या कार्यक्रमांत तर मजाच. शेवटी जी गाते ती मोठी, असा स्टेजचा हिशेब. म्हणून ती उशिरा यायची, आणि माझी स्कूटी नेमकी त्याच दिवशी पंक्चर व्हायची. एकदा दोघीही इतक्या उशिरा पोचलो की आयोजकांनी मधला वेळ भाषणांनी भरला आणि लोक अर्धे उठून गेले. स्टेजवर गेलं की कीबोर्डवाला सगळ्यांसमोर, माईक चालू असताना विचारायचा, "दीदी, स्केल?" ती म्हणायची, "काली पाँच." ढोलकवाले एकमेकांकडे बघून मान हलवायचे. मग माझी पाळी. मी पण म्हणायची, "काली पाँच." मानेच्या शिरा तटतटून यायच्या. समोर बसलेल्या बायका म्हणायच्या, काय जीव तोडून गाते! बरोबरच होतं त्यांचं.

आवाज एका दिवशी जात नाही. आधी सकाळचा गेला. उठल्यावर तासभर नुसती हवा. मग खालचे सूर गेले, जे माझे खास होते, ज्यांच्यासाठी वडील मला उभं करायचे. मुलेठी म्हणजे ज्येष्ठमध, हळदीचं दूध, वाफ, सगळं केलं. नवरा एकदा म्हणाला, "थोडं खाली गाय ना. कोन मरते?" मी त्याला विचारलं, "तू प्लांटमधी भट्टी थंडी करून काम करतं का?" पण रागावून बोलायलाही मला आवाज पुरला नाही, मध्येच फाटला, आणि तेव्हा मला भीती वाटली. खरी भीती. गाणं सोडून मला दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही यावं असं कधी वाटलंही नव्हतं.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे मी स्कार्फ बांधून गेले. आमच्याकडे स्कूटीवर निघालेली प्रत्येक बाई डोळे सोडून सगळं तोंड गुंडाळते, उन्हाचं आणि धुळीचं कारण असतं. पण मी आत बसल्यावरही तो सोडला नाही. गाणारीचा गळा बिघडला ही बातमी रायपुरात चहाच्या आधी पोचते. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "क्या काम करते हो?" मी म्हटलं, टीचर. समोरच्या बाकावर आणखी एक बाई स्कार्फ न सोडता बसली होती. थोड्या वेळानं त्या मुलीनं तिलाही तेच विचारलं. ती म्हणाली, "टीचर हूँ।"

आवाज इतका घोगरा होता की आधी मला ओळखता आला नाही. मग तिनं पुढचा शब्द बोलायच्या आधी श्वास घेतला. तो श्वास मी मोबाईलवर किती वेळा ऐकला होता! मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. स्कार्फमधून दोघींचे नुसते डोळे. तिनं मान खाली घातली.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? हिचा पण गेला, हे मनात पहिल्यांदा आलं. बाकीचं सगळं नंतर.

डॉक्टरांनी मला स्क्रीनवर माझा गळा दाखवला. स्वरतंतूंवर दोन गाठी, समोरासमोर. जोर लावून गायल्यानं होतात म्हणाले. आधी बोलणं पूर्ण बंद, कुजबुजायचंही नाही, मग पुढचं बघू. गाणं पुन्हा जमलंच तर खालच्या सुरात, आणि पहिल्यासारखा आवाज येईल याची हमी देता येणार नाही. मी खाली पार्किंगमध्ये येऊन स्कूटीवर बसले, किल्ली लावली नाही. थोड्या वेळानं ती उतरली. मला बघून थांबली. मग येऊन शेजारच्या कुणाच्या तरी स्कूटीवर बसली, आणि आपल्या घशाकडे बोट दाखवून दोन बोटं वर केली. मीही दोन दाखवली.

दोघींनाही बोलायची बंदी. तिनं मोबाईल काढला, त्यावर लिहिलं आणि माझ्यापुढं धरला. "ताई तुमी कशा काय एवढ्या वर गाता? मले त् जमतच नवतं. भैयानं सांगतलं तुमची पट्टी काळी पाच आहे म्हून मी बी पाच केली."

मी ते वाचलं. परत वाचलं. मग तिच्या हातातून मोबाईल घेऊन लिहिलं, "तुझी कोनती?"

तिनं लिहिलं, "काळी चार."

मी लिहिलं, "माझी बी."

तिला हसू फुटलं आणि ते दाबता दाबता तिचे डोळे भरले. मला हसू आलं नाही. भैयांनी मला तिचं सांगितलं होतं आणि तिला माझं. त्यात त्यांनी काही मोठं कारस्थान केलं असं मी म्हणणार नाही, त्यांना वरचा आवाज हवा होता आणि तो काढायचा सगळ्यात सोपा रस्ता त्यांना सापडला. आमच्यातल्या एकीनं जरी दुसरीला विचारलं असतं, "बाई, तुझी पट्टी कोणती?" तरी रस्ता बंद झाला असता. पण आम्ही विचारणाऱ्यातल्या नव्हतो. माझं डोकं फिरलं होतं, आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

तिथंच, मोबाईलवर लिहून लिहून, ठरलं. बरं वाटल्यावर जेव्हा केव्हा बोलावणं येईल तेव्हा दोघींनीही काळी चारच सांगायची. तिनं लिहिलं, "पलटायचं नाही ताई." मी लिहिलं, "तू नको पलटू."

बोलणं बंद असलेले ते महिने कसे काढले ते मी लिहीत बसत नाही. घरात हातवारे, भाजीवाल्याकडे बोट दाखवणं. गाठी थोड्या बसल्या. आवाज आला, पण पातळ, वापरून विरलेल्या धोतरासारखा. चारमध्ये सांभाळून गायलं तर लोकांना कळू नये इतपत.

जयंतीच्या आधी भैयांचा फोन आला. मी शंकर नगरात गेले. माईकसमोर उभं राहून म्हटलं, "भैया, काली चार में लूँगी। डॉक्टर ने बोला है।" मला वाटलं होतं वाद होईल, म्हणून काय काय बोलायचं ते घोकून आले होते. भैया म्हणाले, "हव दीदी, जैसा आप बोलो।" आणि माऊस हलवून एकदा दाबला. सगळा ट्रॅक, ढोल, बासरी, कोरस, जागच्या जागी खाली उतरला. एवढंच काम होतं ते. मी गाऊन बाहेर आले आणि मिठाईच्या दुकानासमोर उभी राहून रडले. पेढे घेणारे लोक बघत होते, बघू दिलं.

गाणं आलं त्या दिवशी मी मोबाईल कानाशी धरला. सुरुवातीची ढोलकी, मग श्वास. तो श्वास माझा नव्हता. तिचाही नव्हता.

एका नव्या मुलीचा आवाज होता. काळी पाच. कडक, धारदार, कुठंही न थांबणारा. खाली लोकांनी फुलं आणि आगीची चित्रं टाकली होती. कोणीही पहिलेवाली दीदी कुठं गेली असं विचारलं नव्हतं. मी बराच वेळ खाली खाली सरकवत शोधत होते.

तेवढ्यात तिचा फोन आला. "ताई, मी चारच सांगतली होती." मी म्हटलं, "मी बी." विश्वास ठेवायला काही त्रास झाला नाही. गाण्यात ती असती तर मी जन्मभर ठेवला नसता. मग ती म्हणाली, "ताई, त्या पोट्टीले काय सांगतलं असन? आपल्या दोघींचं नाव?" भैयांनी तिला काय सांगितलं असणार ते दोघींनाही माहीत होतं.

त्या मुलीला जाऊन सांगायचं ही कल्पना तिची. मी तयार नव्हते. आपलं संपलं, आता कोणाकोणाला वाचवत फिरायचं? पण ती ऐकेना. त्या मुलीची आई आमच्याच विहारात येणारी निघाली, त्यामुळे घर सापडायला वेळ लागला नाही. रविवारी दुपारी आम्ही दोघी एकाच स्कूटीवर गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एका गाडीवर बसलो होतो, आणि ती मागून माझ्या खांद्याला धरायची की नाही या विचारात शेवटपर्यंत अवघडून बसली.

मुलगी कॉलेजातली. मराठी समजायची, बोलायची हिंदी. ती आमच्या दोघींच्या पाया पडली, तिनं पाणी आणलं, पंखा आमच्याकडे वळवला. आई शेजाऱ्यांना बोलवायला निघाली होती, तिला थांबवलं. मुलगी म्हणाली, "दीदी, मैं तो बचपन से आप दोनों के गाने पे प्रैक्टिस की हूँ।" तिचा बोलण्याचा आवाज आत्ताच जरासा बसलेला होता. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

मी सांगितलं. सगळं, साध्या मराठीत. गाठी, डॉक्टर, पट्टी, दोघींना काय काय सांगितलं गेलं ते. "बाई, तुले जिथं आराम वाटते तिथून गाय," म्हटलं, "नायी त् आमच्यावानी होशीन." ती मान हलवत राहिली, डोळे आमच्यावरून काढले नाहीत. इतक्या अदबीनं ऐकत होती की मला वाटलं, पोचलं.

मग मुलगी म्हणाली, "दीदी, बुरा मत मानना। भैया ने पहले ही बता दिया था कि आप दोनों आओगे, और पट्टी नीचे करने को बोलोगे।"

माझ्या शेजारी बसलेली ती म्हणाली, "असं कसं वो? आमी तुह्या भल्यासाठी..."

मुलगी हसली. वाईट हसू नव्हतं ते, लाजल्यासारखं होतं. "आप दोनों के सारे हिट गाने तो काली पाँच में हैं, दीदी। मैंने कीबोर्ड पे मिला के देखे हैं, एक-एक गाना। आप लोग इतने साल गाए न? तो मैं क्यों नहीं?"

माझी ती सगळी गाणी, ज्यांच्यासाठी मी गळा घालवला, तिच्या मोबाईलमध्ये होती आणि तिच्या बाजूनं साक्ष देत होती. मी माझ्या तोंडानं काही म्हटलं तरी माझाच जुना आवाज जास्त मोठा होता. आईनं पोहे आणले. आम्ही खाल्ले. चांगले झाले होते, तसं सांगितलं, आणि उठलो.

खाली येऊन मी स्कूटी वळवत होते तेव्हा वरच्या खिडकीतून तिचा रियाज सुरू झाला. माझंच गाणं होतं, जुनं, ज्याच्या अंतऱ्याला वरचा सूर एकदम उडी मारून लावावा लागतो. त्याच सुरानं मला डॉक्टरकडे नेलं होतं. शेजारी ती स्कार्फ हातात तसाच धरून वर बघत उभी होती.

तेव्हा त्या मुलीच्या गळ्याची काळजी माझ्या मनात यायला पाहिजे होती. मघाशी वर बसून मी त्याच काळजीनं बोलले होते, आणि ती खोटी नव्हती. पण अंतरा जवळ आला तसं तो सूर तिला लागू नये असं मला मनापासून वाटलं.

मी शेजारी बघितलं. तिनंही श्वास रोखून धरला होता.

सूर लागला.